ओलं बारदान

त्या भिंतीपासून दीपमालाला काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं; नाहीतर मागाहून ती म्हणेल, मी तर सगळं आईंसाठी करत होते. सासूसाठी थोडंफार होतंही, नाही असं नाही. पण पहिली मिळकत म्हणजे भिंत. भंडाऱ्यातल्या त्या नव्या घरात सोफा नवऱ्याच्या पसंतीचा होता, पडदे नणंदेच्या, फरशी तर गवंड्याच्याच. सोफ्याच्या वरची तेवढी जागा कोणाच्या पसंतीची नव्हती, कारण ती रिकामी होती. दुसरी मिळकत म्हणजे रविवार. रविवारी सासरच्या गावाहून, दिघोरीहून, टिकारामजी येणार, ज्यांच्या शेतात सासू राबली ते, समोरच्या खुर्चीत बसणार, आणि मान वर केली की त्यांना तिनं केलेलं चित्र दिसणारच. तिसरी मिळकत तिनं स्वतःपाशीही कबूल केली नसती. या घरातली दोन माणसं, सासू आणि नवरा, चिखलातून वर आली होती आणि दोघंही चिखलाचं नाव काढत नव्हती. तिचा बाप फॅक्टरीत कामाला, ती क्वार्टरात वाढलेली, तिच्या पायाला कधी धानाच्या बांधीतला गारा लागला नव्हता, आणि आता चिखल न लपवणारी घरात एकटी तीच ठरणार होती. पाय न भिजवता चिखलाची मालकी. सौदा वाईट नव्हता.

बुधवारी दुपारी तिचा नवरा, सुगत, मागच्या व्हरांड्यात आला. मास्तर माणूस, शाळेला सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे तो दिवसभर घरात असा कुठूनही उगवायचा. जमिनीवर प्लायवुडचा तुकडा आडवा पडला होता, वर ओलं बारदान. सुगतनं दोन बोटांनी बारदानाचं टोक उचललं, पाहिलं, सोडून दिलं. मग कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन त्यानं हात धुतले. चित्राला त्याचा हात लागलाच नव्हता. तरी त्यानं साबण लावून, बोटांच्या मधून मधून, खडूनं पांढरे झालेले हात धुवावेत तसे धुतले, आणि टॉवेल शोधत तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे हॉलमधे नाही लागत."

"काहून?"

"रविवारी टिकारामजी येऊन राह्यले. नातवाच्या लग्नाचं आवतन घेऊन. पहिल्यांदा येऊन राह्यले ते आपल्या घरी. त्यांच्यासमोर हे लावू?"

"त्यांच्याचसमोर लावाचं आहे," दीपमाला म्हणाली.

तो मोर लाव ना, निळा, असं काहीतरी पुटपुटत तो आत गेला. एवढंच झालं. याहून मोठी भांडणं त्या दोघांची गॅसच्या नंबरावरून झालेली आहेत. पण ते हात धुणं तिच्या कानात पाण्याच्या आवाजासकट अडकून बसलं. ती चित्राशी उकिडवी बसली आणि तिला वाटलं की धुतलं गेलं ते चित्र नव्हे. मग काय धुतलं गेलं? ते शोधायला गेलं की विचार घसरायचा आणि पुन्हा नळाशी येऊन उभा राहायचा.

मोर सुगतला चालला होता. हत्ती चालला होता, आरसे लावलेला माठ चालला होता, पिंपळाचं पान तर त्यानं स्टाफरूममध्ये मिरवलं होतं. उठावाची चित्रं ती लग्नाआधीपासून करायची; शिकवलं कोणी नव्हतं, हातांना काम हवं म्हणून हात शिकले. जुना पेपर फाडून भिजत घालायचा, सकाळी मिक्सरच्या जुन्या भांड्यातून फिरवायचा, पंच्यात पिळून लगदा करायचा. त्यात खडूची पूड. खडू सुगतच आणायचा, फळ्याशी उरलेले तुकडे शर्टाच्या खिशातून, इतकी वर्षं न चुकता. तिच्या मोरांच्या छात्या त्याच्या भूगोलानं भरलेल्या होत्या. फेविकॉल महाग पडतो म्हणून ती थोडाच घ्यायची आणि बाकी तांदळाची घट्ट पेज. मग फळीवर लगद्याचा पहिला पातळ हात, त्यावर दुसरा, आणि मग बोटानं, चमच्याच्या दांडीनं, मोडक्या कंगव्यानं पृष्ठभागातून हळूहळू एखादी गोष्ट वर येऊ द्यायची. तिला तो क्षण आवडायचा. सपाट जागेला पोट येतं, खांदा येतो, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्या खांद्याची सावली पडते. रंगवलेल्या चित्राची सावली पडत नाही. ज्याची सावली पडते ते घरातून सहजासहजी हाकलता येत नाही, असं काहीतरी तिच्या मनात असायचं. काम झाल्यावर बोटांवर वाळलेल्या फेविकॉलचं कातडं ती सोलत बसायची. त्यावर तिच्याच रेघा उमटलेल्या असायच्या.

या वेळी वर आल्या होत्या पाठी. रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या बाया, बांधीत ओळीनं वाकलेल्या, मागून दिसणाऱ्या. तोंड एकीचंही नाही. दीपमालानं ते कुठल्या फोटोत पाहिलं नव्हतं, तिच्या डोळ्यात ते लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यापासून पडून होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर अर्ध्या मास्तरांच्या बदल्यांचा घोळ चालू होता, सुगत कागद घेऊन हिंडत होता, आणि ती नवी नवरी, दिघोरीत सासरच्या दोन खोल्यांत कंटाळलेली. आई रोवण्याला गेल्या म्हणून त्यांना डबा द्यायला ती निघाली. पायात लग्नातली चप्पल. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पोचली तर समोर टिकारामजींची बांधी पाण्यानं भरलेली, आणि पाण्यात पाठीच पाठी. लुगडी गुडघ्यावर, डोक्यावर पोत्याच्या खोळी. यातली आपली सासू कोणती? घरात ती बाई हिला चुलीजवळच्या वळणावरून ओळखू यायची, खोकल्यावरून ओळखू यायची. इथं सगळ्या पाठी एकसारख्या. तिनं हाक मारली, "आई." आणि एकदम चारपाच पाठी सरळ झाल्या. चारपाच बायांनी वळून पाहिलं, कारण त्या सगळ्याच कोणाच्या ना कोणाच्या आई होत्या. बाकीच्या हसल्या. धुरपता, तिची सासू, हसली नाही. तिनं चिखलाचा हात कमरेवर ठेवला आणि या कोऱ्या चपलेच्या पोरीकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं? इतकी वर्षं दीपमाला ती नजर उलटीसुलटी करून बघत होती. राग होता असं कधी वाटायचं, कधी लाज. परवा लगदा थापताना तिनं ठरवून टाकलं की तो अभिमान होता. ठरवून टाकणं तिला जमायचं.

सुगतचं वेगळं होतं. तो रात्री निजताना पायांच्या बोटांमध्ये खोबरेल लावायचा, आणि तेव्हा कोणी पाहिलेलं त्याला खपायचं नाही. लहानपणी तोही पऱ्याच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या डोक्यावर घेऊन बांधीतून पळायचा. चिखल्यांनी बोटं सडायची, रक्त यायचं, तसाच शाळेत जाऊन बसायचा. आता पाय बरे होते, कधीचेच बरे होते. तेल चालू होतं. अशा माणसाला सोफ्याच्या वर चिखल दाखवायचा, हे दुष्टपणाचं नाही का? हा प्रश्न दीपमालाला पडला होता, अगदीच पडला नव्हता असं नाही. पण त्यावर तिच्याकडे उत्तर तयार होतं: लपवलं की ते सडत राहतं. उत्तर इतकं तयार होतं की प्रश्नाला पुरतं बसूही दिलं नाही.

आणि टिकारामजी? ते काही वाईट माणूस नव्हते, हीच अडचण होती. वाईट असते तर सोपं झालं असतं. मजुरी त्यांनी बुडवली नाही. तुझ्या पोराला शिकव, धुरपता, असं त्यांनीच म्हटलं होतं. फक्त त्यांच्या ओसरीवर लाकडी खुर्च्या होत्या, आणि धुरपता त्या ओसरीच्या खाली, अंगणात, उभी राहून बोलायची. बस म्हणून कोणी म्हटलं नाही आणि बसू नको म्हणूनही कोणी म्हटलं नाही. असल्या गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत. दीपमालाला वाटायचं, या माणसाला कोणी काही बोललंच नाही कधी, आपणही बोलणार नाही, भिंत बोलेल.

म्हणून बुधवारनंतर ती हट्टालाच पेटली. ओळीतल्या पाठींच्या पुढे परे हवे होते. हिरवा रंग दिला तर ते गवत वाटेल. मग तिला सुचलं, धानच लावावं, खरंखुरं. कोठीत आईंच्या पिंपात गावच्या वाट्याच्या तुकड्यातलं बियाण्याचं धान होतं. त्यातलं ओंजळभर घेऊन तिनं दाणा दाणा उभा खोचला, बांधीत, धुऱ्यावर, पार पाठींच्या कडेपर्यंत. मे महिना, भंडाऱ्याचं ऊन. मागचा हत्ती एका दुपारीत वाळून त्याच्या पोटाला भेग पडली होती. ते होऊ नये म्हणून ती बारदान भिजवून वर पसरायची, वाळलं की पुन्हा पाणी शिंपडायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा.

हे सगळं धुरपताच्या समोर चाललं होतं. तिची खाट व्हरांड्यातच असायची. ती सुपात तूर घेऊन बसायची आणि सून बारदानावर पाणी मारते ते पाहायची. अधूनमधून बोलणं व्हायचं, पण ते लग्नाचं. टिकारामजींच्या घरचं लग्न म्हणजे दिघोरीच्या साऱ्या रोवणेकरणी जेवायला येणार. शकुबाई मुलाकडे पवनीला गेलेली, ती येणार, कोंढ्याहून रंभाबाई येणार. बाया आता कुठं भेटतात, असल्या लग्नातच भेटतात, पुढच्या लग्नाला कोण राहतं न राहतं, असं धुरपता तूर पाखडत म्हणायची. फक्त आवतन यायला हवं. पत्रिका छापली म्हणून तिकडं कोणी जेवायला जात नाही. घरातल्या मोठ्या माणसाकडे तोंड करून, चुलीला आवतन आहे, जेवाले या, असं म्हणावं लागतं, तेव्हा ते आवतन. दीपमालानं एकदा तिला हाताला धरून चित्राशी आणलं, बारदान बाजूला केलं, आणि ही तुम्ही, ही शकुबाई, ही रंभाबाई, अशी बोटानं दाखवली. धुरपतानं खूप वेळ पाहिलं. धानाच्या ओळी पाहिल्या, बारदान पाहिलं. मग म्हणाली, झाक ते, ऊन लागते. दीपमालाला तो आशीर्वादच वाटला. मुक्या माणसाच्या मौनाचा अर्थ लावायचा तर आपल्या सोयीचाच लागतो; आणि धुरपता तर मुकीही नव्हती.

शनिवारी सकाळी तिनं बारदान उचललं आणि आधी तिला वास आला. ओल्या मातीचा नव्हे, त्याहून गोड, कोवळा, काहीतरी जिवंत झाल्याचा. मग दिसलं. धान उगवलं होतं. बांधीभर पांढरे, हिरवट, वाकडे कोंब; पांढऱ्या मुळ्या लगद्यात शिरलेल्या; आणि त्यांनी फुगवलेला लगदा पाठींच्या खाली उचलला जाऊन पाठी मधोमध फाटल्या होत्या. रंभाबाई निम्मी फळीवरून सुटली होती. धुरपताच्या पाठीतून, बरोबर कण्याच्या रेघेतून, एक कोंब वर आलेला. ते सुंदर होतं, हे तिला त्याही क्षणी कळलं, आणि त्यामुळे जास्त राग आला. ती बसल्या बसल्या खाटेकडे वळली. धुरपता तिच्याकडेच पाहत होती, आणि त्या पाहण्यात नवल नव्हतं.

तेव्हा दीपमालाच्या डोक्यात दोन टोकं जुळली. बियाण्याचं धान भिजवायचं, ओल्या बारदानात झाकायचं, पाणी शिंपडत राहायचं: मोड आणायची हीच तर रीत. दिघोरीतलं शेंबडं पोरही सांगेल. या बाईनं आयुष्यभर दर मृगाला तेच केलं होतं. आणि या बाईनं दिवसरात्र बसून आपल्याला तेच करताना पाहिलं.

"आई, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

धुरपतानं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. तूर महाग झाली असं सांगावं तशा सुरात म्हणाली, "कायले सांगू? मले भिंतीवर वाकून राहाचं नोतं. जल्मभर वाकलो, ते पोटासाठी. आता मेल्यावरई माह्या नातवंडाईनं माही पाठच पाहाची काय?"

दीपमालानं काहीतरी सांगायला सुरुवात केली, की हे लाजेचं नाही, हे अभिमानाचं आहे, त्या टिकारामजींना कळलं पाहिजे की कोणाच्या पाठीवर. ती मध्येच थांबली, कारण धुरपता हसत होती. त्या दिवशी बांधीत बाकीच्या हसल्या तेव्हा ती एकटीच हसली नव्हती. ते हसू बहुतेक इतकी वर्षं शिलकीत राहिलं होतं.

"लढाचं हाये त लढ वो बाई. कोन नाही म्हनते? पन आपली पाठ घेऊन लढ. माही काहून वाकवतं?"

दीपमाला नळाशी गेली. हात धुतले. बराच वेळ धुतले; पाणी तापलेलं येत होतं. सुगतनं त्या दिवशी काय धुतलं असेल, ते आता तिला थोडं कळल्यासारखं वाटलं, आणि कळण्यात काही सुख नव्हतं. लाज होती. लाजेच्या खाली अजून राग होता, आणि रागाच्या खाली, सगळ्यात खाली, हट्ट तसाच होता, जागच्या जागी, कोंबासारखा. भिंत रिकामी ठेवायची नाही. मोर लावायचा नाही. ती परत आली, खाटेशी जमिनीवर बसली, आणि पहिल्यांदाच विचारलं, मग काय करू सांगा. धुरपतानं चित्राकडे पाहिलं, सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला, आणि म्हणाली, आमाले उठव त्यातून.

तिनं उठवलं. चमच्याच्या दांडीनं एकेक पाठ खालून मोकळी केली. फाटलेल्याच होत्या, सहज आल्या. जिथं उठाव होता तिथं खड्डे राहिले, ओळीनं, वाकलेल्या बाईच्या आकाराचे, तळाशी प्लायवुड दिसणारे. भोवती कोंब. ती दिवसभर त्या खड्ड्यांच्या कडा पेजेनं पक्क्या करत बसली. धुरपता शेजारी बसून होती. निघालेल्या पाठींचं काय करायचं, असं सुनेनं विचारलं, तर म्हणाली, बादलीत टाक, लगदाच हाये तो.

रविवारी सकाळी सुगतनं चित्र भिंतीवर पाहिलं. पाठी नाहीत हे पाहून त्याला आधी सुटल्यासारखं झालं, मग खड्डे पाहून तो गोंधळला, काढ म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

टिकारामजी वाळले होते. धोतराची जागा पँटनं घेतली होती. धुरपता सोफ्यासमोरच्या हाताच्या खुर्चीत बसलेली होती. ती खुर्ची सुगतनं पाहुण्यासाठी पुसून ठेवलेली. सुगतनं आईकडे पाहिलं, डोळ्यानं खुणावलं. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी. धुरपता उठली नाही. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"बसा, टिकारामजी," ती म्हणाली. मालक म्हणाली नाही.

ते सोफ्यावर बसले. चहा घेतला, पूर्ण घेतला. पावसाचं, धानाच्या भावाचं, नातवाच्या नोकरीचं बोलणं झालं. धुरपताची नजर होती तिकडं त्यांची मान मागे वळून वर गेलीच. ते बराच वेळ पाहत राहिले. हिरवे कोंब आता चांगलेच उभे झाले होते.

"हे कायचं चित्र हाये, धुरपता?"

दीपमालाच्या ओठांवर सगळं तयार होतं. किती दिवसांपासून तयार होतं. पण प्रश्न तिला नव्हता. ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं तिला ट्रेपेक्षा जड गेलं.

"तुमची बांधी हाये," धुरपता म्हणाली. "तळ्याखालची. रोवना अर्धा टाकून बाया उठून गेल्या."

सुगत फरशीकडे पाहत होता. मग त्याचे ओठ हलले. दीपमालाला वाटलं तो आता माफी मागेल. तो उठला, आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, आणि तिथंच राहिला. टिकारामजी थोडं हसले, हसू अर्ध्यात विसरले. पिशवीतून पत्रिका काढून त्यांनी ती टीपॉयवर, कपाच्या बाजूला ठेवली. उन्हं चढायच्या आत पवनी गाठायची आहे म्हणाले. दारात चपला घालताना ते थांबले, वळले, धुरपताकडे पाहिलं, आणि काहीच न म्हणता गेले. चुलीला आवतन नाही. जेवाले या नाही.

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. दीपमालानं पत्रिका उचलली, उलटीसुलटी केली. नावाच्या जागी सुगतचं नाव नीट लिहिलेलं होतं, सहपरिवार छापलेलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. टिकारामजींचं काय गेलं? एक वाक्य ऐकावं लागलं. सुगतचा गेला एक पाहुणा. तिचं स्वतःचं? तिनं सगळीकडे चाचपून पाहिलं आणि गेलेलं असं काही हाताला लागेना. शकुबाई पवनीहून येणार, रंभाबाई कोंढ्याहून, त्या मांडवात एकमेकींना शोधणार, आणि धुरपताची आवतनाची वाट संपली होती. तिचे डोळे भरून आले आणि ती खुर्चीशी वाकायला गेली.

"आई, तुमचंच गेलं हो सगळं. माझ्या पायी."

"तुह्या पायी कायले?" धुरपतानं तिचा खांदा धरून तिला सरळ केलं. "म्या बोललो, म्या भरलो. आन् बसून भरलो."

मग तिनं पाय लांब केले आणि चहा राहिला असेल तर आण म्हणाली.